शून्य रुपयांचं बिल

बाबांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, जखम भरली, छातीत पोर्ट (किमो देण्यासाठी कातडीखाली बसवतात ती डबी) बसलं, सगळं बिनबोभाट. अडलो ते रक्ताच्या एका नळीपाशी, आणि तीही अशा तपासणीची, जिचा रिपोर्ट आम्हाला मिळणारच नव्हता.

कॅन्सर लिव्हरमध्ये पोचला होता, म्हणून किमोसोबत बेव्हासिझुमॅब द्यायचं ठरलं. गाठीला वाढायला रक्तपुरवठा लागतो. त्यासाठी ती व्हीईजीएफ नावाचं प्रथिन सोडते आणि नव्या रक्तवाहिन्या स्वतःकडे ओढून घेते. हे औषध त्या प्रथिनालाच पकडतं. वॉर्डातल्या रेसिडेंट डॉक्टरांचा थीसिस यावरच होता: पहिल्या डोसआधी आणि किमोच्या काही सायकल (फेऱ्या) झाल्यावर रक्तातलं व्हीईजीएफ मोजायचं. औषध 2004 पासून वापरात आहे, तरी ते कोणाला लागू पडेल हे आधी सांगणारी खात्रीची रक्ततपासणी अजून नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं. बाबा म्हणाले, “घ्या हो. एवढं काढलंत, त्यात आणखी थोडं.” मराठीतल्या संमतीपत्रावर सही झाली.

त्या सकाळी सिस्टरनी जांभळ्या टोपणाची नळी भरून बर्फाच्या डब्यात ठेवली. वॉर्डातले मामा रजेवर, म्हणून डबा माझ्या हातात. लाल टोपणाची नळी चालत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रक्त गोठताना प्लेटलेट्स स्वतःजवळचं व्हीईजीएफ सोडतात आणि आकडा उगाच फुगतो. म्हणून रक्त गोठू द्यायचं नाही, गार ठेवायचं आणि लगेच मशीनमध्ये फिरवून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळा करायचा.

सॅम्पल काउंटरवर पहिला प्रश्न, “बिल?”

“रिसर्चचं सॅम्पल आहे. फुकट आहे.”

“फुकट असलं तरी बिल लागतं. बिल नंबरशिवाय बारकोड निघत नाही.”

बिलिंग पलीकडच्या इमारतीत, आणि तिथे ही रांग! नंबर आल्यावर बाईंनी कॉम्प्युटरच्या यादीत शोधलं. सीईए (या कॅन्सरवर लक्ष ठेवायला करतात ती नेहमीची रक्ततपासणी) होती, व्हीईजीएफ नव्हती. जी टेस्ट यादीत नाही, तिचं शून्य रुपयांचंही बिल होत नाही म्हणे. मग रिसर्च विभागाचं पत्र मागितलं. पत्र माझ्याकडे होतं, पण शिक्का फिका. “ताई, हा वाचता येत नाही.” डबा काउंटरवर टेकवला तर, “सॅम्पल इथे नका ठेवू, इथे लोक पैसे भरतात.” बर्फाचं पाणी माझ्या चपलेवर टपकत होतं. डॉक्टर राउंडवर, फोन उचलेनात. मागचे काका मला ऐकू जाईल इतक्या जोरात सुस्कारे टाकत होते. शेवटी डे-केअरच्या सिस्टर मला शोधत आल्या आणि बाईंना म्हणाल्या, “अहो, ‘इतर तपासणी’त टाका ना, रेट शून्य.” लगेच बिल निघालं. वर ‘रक्कम मिळाली’ असा शिक्का, तो मात्र ठसठशीत.

तोवर रक्त कामातून गेलं होतं. लॅबमधल्या मुलीने नळीवरची वेळ पाहिली आणि मान हलवली. किमो लावण्याआधी पुन्हा रक्त काढावं लागलं. बाबांनी हात पुढे केला, बोलले काहीच नाहीत. मी मात्र बोलले, आणि भरपूर बोलले.

तेव्हा अशा अभ्यासात भाग घेणार असाल तर बारकोड आदल्या दिवशीच काढून ठेवायला डॉक्टरांना सांगा. पुढच्या वेळी आमच्या डॉक्टरांनी तो स्वतः आणून दिला. रिसर्चच्या तपासणीचा खर्च पेशंटवर टाकायचा नसतो आणि केव्हाही माघार घेता येते, त्याने उपचारात फरक पडू द्यायचा नसतो. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे आहे, काउंटरवर कोणी वाद घातला तर सांगायला बरं पडतं.

ऑपरेशननंतर बेव्हासिझुमॅबसाठी किमान 28 दिवस थांबतात, कारण जखम भरायलाही नव्या रक्तवाहिन्या लागतात. आम्हाला वाटलं होतं, हॉस्पिटल उगाच वेळ काढतंय. डोसआधी बीपी बघतात, अधूनमधून लघवीतलं प्रथिन तपासतात. त्याचा कंटाळा करू नका.

आणि कुठलं औषध द्यायचं हे ज्यावर खरोखर ठरतं ती आरएएस तपासणी, म्हणजे गाठीतल्या आरएएस जनुकांची. ती बहुधा गाठीच्या ब्लॉकवर (मेणात जपून ठेवलेल्या तुकड्यावर) होते, तेव्हा ब्लॉक कुठे ठेवलाय ते विचारून ठेवा. आरएएसमध्ये बदल असेल तर सेटुक्सिमॅब या दुसऱ्या औषधाचा सहसा उपयोग होत नाही.

हो, सीईए दर वेळी एकाच लॅबमध्ये करा. पद्धत बदलली की आकडा बदलतो आणि घरातले सगळे रात्रभर जागे.