न्यूआर्कला उतरून बघा की एकदा! (सारा वॉनच्या गावात)

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या आपल्या मंडळींना न्यूआर्क म्हणजे एअरपोर्ट. नाहीतर मग न्यूयॉर्कला जाताना मधे लागणारं पेन स्टेशन, जिथे पाथ (न्यूयॉर्कला जाणारी दुसरी लोकल) पकडणारे उतरतात आणि बाकीचे फोनमधून मान वर न काढता पुढे जातात. मला मात्र तिथे उतरायचंच होतं, कारण जॅझ गायिका सारा वॉन तिथली. १९२४ चा जन्म, वडील सुतारकाम करायचे नि गिटार वाजवायचे, आई लोकांचे कपडे धुवायची आणि चर्चमध्ये गायची. पोरगी सातव्या वर्षापासून पियानो शिकली, माउंट झायन बॅप्टिस्ट चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला लागली आणि वय बसत नसताना रात्री क्लबात जाऊन वाजवायची-गायची ते वेगळंच.

स्टेशनातून बाहेर पडून मार्केट स्ट्रीटने चालत ब्रॉड स्ट्रीटला लागले आणि डावीकडे वळून सरळ सुटले. मोबाईलची दुकानं, विगची दुकानं, फुटपाथवर टोप्या-मोजे विकणारे, बसची गर्दी, असं सगळं मागे टाकत गेलं की न्यूआर्क सिम्फनी हॉल येतो. १९२५ ची इमारत, दर्शनी भागाला हे मोठाले खांब. आतल्या मुख्य सभागृहाला साराचं नाव दिलंय. मी गेले तेव्हा कार्यक्रम नव्हता त्यामुळे दारं बंद, बाहेरूनच बघितलं. समोरून जाणाऱ्यांपैकी कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, शनिवारवाड्यासमोरून रोज बसने जाणारे पुणेकर तरी कुठे बघतात म्हणा.

पण तिची खरी सुरुवात झाली नदीपलीकडे, हार्लेममध्ये, १२५ व्या स्ट्रीटवरच्या अपोलो थिएटरात. तिथली बुधवारची अ‍ॅमॅच्युअर नाइट, म्हणजे हौशी कलाकारांची स्पर्धा, मी थोड्या वर्षांपूर्वी बघितली होती. स्टेजवर एका बाजूला झाडाच्या खोडाचा एक तुकडा ठेवलेला असतो, ट्री ऑफ होप म्हणतात त्याला, गाणारा आधी येऊन त्यावरून हात फिरवतो आणि मगच माइककडे जातो. इतक्या हातांनी ते लाकूड एकदम गुळगुळीत झालंय, वरून लाइट पडला की चकाकतं. आणि पब्लिक म्हणजे कहर, आवडलं नाही तर असा आरडाओरडा करतात की बिचाऱ्याला अर्ध्यातून घालवतात. १९४२ मध्ये सारा तिथे आधी आली ती मैत्रिणीच्या गाण्याला पियानोची साथ करायला! मैत्रिणीचा दुसरा नंबर आला. मग सारा स्वतः गायला आली आणि जिंकली. बक्षीस १० डॉलर आणि आठवडाभर अपोलोत गायची संधी, तीही नामवंत गायिका एला फिट्झजेराल्डच्या कार्यक्रमाआधी. गायक बिली एक्स्टाइनने तिचं नाव बँडवाल्या अर्ल हाइन्सपर्यंत पोचवलं आणि १९४३ मध्ये ती त्याच्या बँडमध्ये, गायिका प्लस दुसरी पियानिस्ट म्हणून.

आता बघा, त्या बँडमध्ये तेव्हा कोण होतं, तर सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी. म्हणजे बीबॉप (जॅझची तेव्हाची नवी, वेगवान शैली) शिजत होतं ते ह्याच बसमध्ये नि ह्याच स्टेजवर, आणि ही १९ वर्षांची मुलगी त्यांच्यात बसून सगळं टिपत होती. आणि आपलं नशीब असं की तेव्हा वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी घातलेली, त्यामुळे त्या बँडचं रेकॉर्डिंगच नाही. शून्य. मला ह्याचा अजूनही राग येतो. मे १९४५ मध्ये पार्कर-गिलेस्पीबरोबर तिने 'लव्हर मॅन' रेकॉर्ड केलं, ते परतीच्या ट्रेनमध्ये ऐकत आले, तर एलिझाबेथ स्टेशन कधी गेलं कळलं नाही. बाकीच्या गायिका सूर लावतात, ही सूर शोधत खाली खर्जात जाते, तिथून मींड घेत वर येते आणि मधेच भलत्याच सुरावर थांबते, आणि तोच बरोबर असतो! पियानो हातात असलेल्या माणसालाच हे सुचतं असं माझं ठाम मत आहे, नुसत्या गोड गळ्याचं हे काम नाही.

लग्न केलं ट्रम्पेटवाल्या जॉर्ज ट्रेडवेलशी, १९४६ मध्ये. तोच मॅनेजर झाला, कपडे, केस, दात सगळं बदलायला लावलं. पुढे घटस्फोट. हिट काय झालं, तर १९५९ चं 'ब्रोकन हार्टेड मेलडी', जे तिला स्वतःलाच बाळबोध वाटायचं. असंच होतं बहुतेकांचं.

१९९० मध्ये कॅलिफोर्नियात फुप्फुसाच्या कॅन्सरने गेली, पण अंत्यविधी न्यूआर्कच्या माउंट झायनमध्येच झाला आणि तिथून घोडागाडीतून तिला ब्लूमफील्डच्या ग्लेनडेल स्मशानभूमीत नेलं.

कुणाला जायचं असेल तर एन-जे-पॅकमध्ये (न्यूआर्कचं मोठं कलाकेंद्र) तिच्या नावाने जॅझ गायनाची स्पर्धा होते, नोव्हेंबरात वगैरे असते, नवी पोरं-पोरी जबरदस्त गातात. ट्रेननेच जा, पार्किंगच्या भानगडीत पडू नका. आणि त्याआधी १९५४ चा ट्रम्पेटवाल्या क्लिफर्ड ब्राउनबरोबरचा तिचा अल्बम घरी नीट ऐकून घ्या, हेडफोन लावून, भांडी घासता घासता नाही.