वैमानिकाचा शिक्षक होताना : माझा अनुभव

२०२२ च्या मे महिन्यात, नवतपा सुरू होण्याच्या आठवड्यात, मी भारतीय हवाई दलातून विंग कमांडर म्हणून निवृत्त झालो. बावीस वर्षांपैकी बहुतेक काळ मी एएन-३२ हे मालवाहू विमान चालवले. जोरहाट, आग्रा, चंडीगड, येलहंका अशा तळांवर संसार मांडला आणि आवरला. शेवटची नेमणूक नागपूरला, वायुसेनानगरातील मेंटेनन्स कमांडच्या मुख्यालयात मिळाली, आणि आईचे घर प्रतापनगरात असल्यामुळे पुढचे आयुष्य येथेच काढायचे हे ठरून गेले. माझ्या बरोबरीचे अनेक वैमानिक नागरी विमान कंपन्यांत गेले. मला मात्र शाळेत विज्ञान शिकवायचे होते. अधिकाऱ्याला निवृत्तिवेतनासाठी किमान वीस वर्षांची सेवा लागते आणि ती माझी झाली होती, म्हणून हा निर्णय घेता आला. निवृत्तिवेतनाचा आधार नसता तर शिक्षकाच्या सुरुवातीच्या पगारावर, मुलगी बारावीत असताना, मी हे पाऊल उचलले नसते.

सरकारी निवासस्थान सोडणे, माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड काढणे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी करणे ही कामे वेळखाऊ असली तरी सरळ होती. अडचण आली ती बी.एड.च्या प्रवेशाला. माझे शिक्षण खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत झाले, पण प्रबोधिनीची पदवी दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ देते. एका महाविद्यालयातील लिपिकाला हे काही केल्या पटेना. "पुण्यात शिकले, मग पदवी दिल्लीची कशी?" असे त्यांनी मला तीन वेगवेगळ्या दिवशी विचारले. चूक त्यांची एकट्याची नव्हती. मायग्रेशन सर्टिफिकेट आणि अधिवास प्रमाणपत्र मी आधी काढून ठेवायला हवे होते. सेवेतून बाहेर पडण्याचा विचार करणाऱ्यांना मी आवर्जून सांगतो की ही दोन कागदपत्रे गणवेश अंगावर असतानाच मागवावीत.

प्रवेश परीक्षा शंभर गुणांची आणि नव्वद मिनिटांची होती. तिची तयारी मी आणि मुलगी आईच्या घरातील एकाच टेबलावर बसून करत होतो. ती बारावीचे भौतिकशास्त्र सोडवायची आणि मी शिक्षक अभियोग्यतेचे प्रश्न. बदल्यांमुळे तिने सहा शाळा बदलल्या होत्या, आणि आपल्या वडिलांना रोज संध्याकाळी घरी पाहण्याची तिला तोवर सवय नव्हती. पहिले काही दिवस आम्ही दोघेही फार जपून बोलत होतो.

बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचे झाले आहे. माझ्या पत्नीने ते एका वर्षाचे असताना केले होते आणि लग्नानंतरच्या अठरा वर्षांत तिने सात शाळांत शिकवले. प्रत्येक बदलीला राजीनामा द्यायचा आणि नव्या गावी पुन्हा सर्वांत कमी पगारावर सुरुवात करायची, असेच ते चालले. माझ्या लॉगबुकात चार हजारांहून अधिक तासांची नोंद मिनिटामिनिटासह आहे. तिच्या अध्यापनाची नोंद मात्र चार अनुभवपत्रांत संपते, कारण उरलेल्या तीन शाळांनी पत्र दिलेच नाही. हा विचार मला बी.एड. करताना प्रथम टोचला. आधीच टोचायला हवा होता.

महाविद्यालयात सुरुवात सूक्ष्म अध्यापनाने होते. पाच-सहा मिनिटांचा पाठ, समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आपलेच सहाध्यायी, आणि एका वेळी एकच कौशल्य : प्रस्तावना, फलकलेखन, प्रश्न विचारणे. पंचवीस वर्षांत मी सलग मराठी लिहिले नव्हते. फळ्यावर माझी ओळ डावीकडून उजवीकडे जाताना वीतभर खाली उतरायची आणि 'क्ष' काढताना हात थबकायचा. मग आम्ही छात्राध्यापक नेतात तसा गुंडाळी फळा आणला, तो कपाटाच्या दारावर टांगला, आणि रात्रीची जेवणे आटोपल्यावर पत्नी समोरच्या पलंगावर विद्यार्थी होऊन बसू लागली. खडू दोन बोटांत पेनासारखा न धरता आडवा धरायचा, लिहिताना मनगट नव्हे तर खांदा हलवायचा आणि स्वतः ओळीबरोबर सरकत जायचे, हे तिने मला महिनाभर शिकवले.

पहिला सराव पाठ आठवीच्या वर्गावर, 'बल व दाब' या प्रकरणावर होता. लेहच्या धावपट्टीची उंची दहा हजार फुटांहून अधिक आहे, तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन तृतीयांश असतो, हवा विरळ असल्याने पंखांना उचल कमी मिळते आणि इंजिनची शक्तीही घटते, म्हणून विमाने शक्यतो सकाळच्या थंड वेळेत ये-जा करतात, असे मी रंगवून सांगितले. मुले डोळे विस्फारून ऐकत होती. "समजलं का?" असे विचारताच सगळा वर्ग "हो सर" म्हणाला. पाठ उत्तम झाला असे मला वाटले. निरीक्षक मॅडमांनी मात्र शेऱ्यात एवढेच लिहिले : 'विद्यार्थी ४२. प्रत्यक्ष उत्तर देणारे ३.'

तो शेरा वाचून पत्नी म्हणाली, "अहो, टॉवरने धावपट्टीचा क्रमांक दिला आणि तुम्ही नुसतं 'रॉजर' म्हणालात, तर चालतं का?" चालत नाही. 'रॉजर' म्हणजे फक्त 'निरोप मिळाला'. धावपट्टी, उंची, दिशा यांविषयीची सूचना वैमानिकाला जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते. त्याला रीडबॅक म्हणतात, आणि त्यात चूक आढळली तर नियंत्रक ती तेथेच दुरुस्त करतो. बावीस वर्षे ज्या शिस्तीवर माझा आणि सहकाऱ्यांचा जीव अवलंबून होता, तीच मी वर्गात विसरलो होतो. "हो सर" हे नुसते 'रॉजर' होते. त्यानंतरच्या प्रत्येक पाठ टाचणात मी समासात एक जागा मोकळी ठेवू लागलो : मूल स्वतःच्या शब्दांत काय म्हणाले, ते लिहिण्यासाठी. आंतरवासितेच्या, म्हणजे शाळेत राहून शिकवण्याच्या सरावाच्या, काळात त्या जागा बहुतेक कोऱ्याच राहिल्या, आणि त्या कोऱ्या जागांनी मला सर्वांत जास्त शिकवले.

केंद्रीय शिक्षक पात्रता परीक्षेचा सहावी ते आठवीसाठीचा पेपर दीडशे गुणांचा असतो. त्यात नव्वद गुण लागतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ती मी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो. नोकरीसाठी गेलो त्या शाळेत मुलाखत घेणारे सगळे उभे राहिले आणि बोलणे शिस्त, संचलन व पंधरा ऑगस्ट यांभोवतीच फिरत राहिले. मला आठवीचे विज्ञान हवे आहे, हे दोनदा सांगावे लागले. तसा मान माझ्या पत्नीला सात शाळांपैकी एकाही शाळेत मिळाला नव्हता, आणि शिकवणे तर तिला माझ्यापेक्षा किती तरी अधिक येत होते.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. यंदा त्याच प्रकरणाला मी लेहची गोष्ट शेवटी ठेवली. सुई नसलेल्या मोठ्या सिरिंजमध्ये तोंड बांधलेला छोटासा फुगा घातला, दट्ट्या बसवला, पुढचे छिद्र बोटाने दाबले आणि दट्ट्या मागे ओढला. फुगा आत ताठ झाला. मग लेहला चिप्सचा बंद पुडा का फुगतो, असे विचारले. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. नंतर दुसऱ्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, पुड्यातली हवा तेवढीच आहे न. बाहेरची दाबून नाही राह्यली, म्हणून फुगला."

ते वाक्य मी समासात जसेच्या तसे लिहिले आणि संध्याकाळी पत्नीला दाखवले. तिने ते दोनदा वाचले, हसली, आणि विचारले, "आणि शेवटच्या बाकावर कोण बसलं होतं?" मला नाव सांगता आले नाही. दुसऱ्या दिवशी सिरिंज घेऊन मी आधी तिकडे गेलो.