डिटेक्टर तोच, जमीन वेगळी : सेटिंग जमवतानाचा माझा अनुभव

मेटल डिटेक्टर घेऊन जुन्या वस्तू शोधायचा नाद लागला की सुरुवातीला सगळे एकाच प्रश्नावर अडकतात, मशीन किती खोल जातं? मीही तिथूनच आलो. आता कोणी विचारलं तर सांगतो की खोलीचं नंतर बघू, चांगल्या वस्तू सुटतात त्या बऱ्याचदा खोल असल्यामुळे नाही, शेजारी गंजकं लोखंड पडलंय म्हणून नाहीतर मातीच एवढी मिनरलवाली आहे की मशीनला काही सुधरत नाही म्हणून. दोन्हीवर इलाज सेटिंगमध्येच आहे, फक्त एका जागेवर चाललेला इलाज दुसऱ्या जागेवर चालेलच असं नाही.

माझं मशीन साधं व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीवर चालणारं) आहे, ५, १४ आणि २० किलोहर्ट्झ यातली एक फ्रिक्वेन्सी निवडायची, सोबत ११ इंची डीडी कॉइल (जमिनीवरून फिरवायची चकती, आत D आकाराची दोन वेटोळी असलेली) आणि नंतर वेगळी घेतलेली ६ इंची. मी शोधतो ती पितळेची बटणं, बकल, शिशाच्या गोळ्या, जुन्या किल्ल्या, कुलपं, असलं सगळं, नाणं मिळालं तर बोनस. हे आधी सांगायचं कारण म्हणजे बागेत नाणी शोधणारा माणूस अर्धा स्क्रीन डिस्क्रिमिनेशनने (नको त्या धातूंचे सिग्नल गप्प करायची सोय) बंद करून फिरू शकतो, त्याचं काही बिघडत नाही, पण आपल्याला हवी ती वस्तू नेमकी त्या बंद केलेल्या भागात असू शकते. आणि हो, जमीनमालकाची परवानगी लेखी घ्या, संरक्षित स्मारकाच्या हद्दीत जाऊच नका आणि पुरातत्त्वाचा कायदा प्रत्येक देशात वेगळा असतो तो आधी वाचा. एकदा बोललो, पुढे जातो.

जागेवर पोचल्यावर मी पहिलं काम करतो ते म्हणजे कॉइल कमरेएवढ्या उंचीवर धरून नुसता उभा राहतो. मशीन तरीही कुरकुरत असेल तर जमिनीचा काही संबंध नाही, हवेतून येतंय ते. वरून वीजेच्या तारा गेल्या असतील, जवळ ट्रान्सफॉर्मर असेल, खिशातला मोबाईल असेल (एअरप्लेन मोडवर टाका, फरक पडतो), नाहीतर शेजारी दुसरा कोणी त्याच फ्रिक्वेन्सीवर फिरत असेल. शेताला करंटचं कुंपण असेल तर ठराविक अंतराने टिक टिक येते, ते एकदा कळलं की लगेच ओळखता येतं. नॉईज कॅन्सल चालवायचं किंवा हाताने फ्रिक्वेन्सी थोडी सरकवायची, त्याने नाही भागलं तर ५ वरून १४ वर जाऊन बघायचं, आणि सगळ्यात शेवटी सेन्सिटिव्हिटी कमी करायची. हा क्रम मी सोडत नाही, कारण पहिल्याच झटक्याला सेन्सिटिव्हिटी पाडली की दिवसभर कमी ताकदीवर फिरतो आपण आणि कारण भलतंच असतं.

मग ग्राउंड बॅलन्स, म्हणजे जमिनीतल्या मिनरलचा सिग्नल मशीनला बाजूला काढायला लावणं. पायाखाली धातू नाही अशी जागा बघायची, म्हणजे ऑल मेटलमध्ये (कुठलाच धातू न वगळता) आडवी कॉइल फिरवून जिथे काही वाजत नाही ती, आणि कॉइल जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर ते वीसेक सेंटिमीटर अशी खालीवर करायची. मशीन एक आकडा पकडतं. माझ्या मशीनवर ० ते ९९ असतो. ऐंशीच्या पुढे आला की समजायचं मॅग्नेटाइटसारखं लोहखनिज भरपूर आहे, अगदी शून्याकडे आला की खारं ओलं. हा आकडा मला सगळ्यात जास्त कामाचा वाटतो, पुढचं सगळं त्यावर ठरतं. ऑटोने पकडल्यावर मी मॅन्युअलमध्ये जाऊन एखादा पॉइंट इकडेतिकडे करतो, कॉइल खाली नेताना अगदी पुसट आवाज यावा इतपत. हे प्रत्येकाच्या आवडीचं आहे, काही जण एकदम सपाट ठेवतात, मला पुसट आवाज बरा वाटतो कारण खोलवरची बारीक वस्तू त्यात दबत नाही असा माझा अनुभव आहे. ट्रॅकिंग, म्हणजे मशीनने बॅलन्स आपणच सतत बदलत राहणं, चालू ठेवायचं का? माती पावलापावलाला बदलत असेल तरच. नाहीतर एकाच बारीक सिग्नलवरून तुम्ही चार वेळा कॉइल नेली की ट्रॅकिंग त्या सिग्नललाच जमीन समजायला लागतं आणि तो हळूहळू गायब होतो. सिग्नल तपासताना तरी बंदच करा.

आता लाल, लोहयुक्त मातीचं सांगतो, कारण तिथे मला सगळ्यात जास्त डोकं लावावं लागलं. या मातीत सेन्सिटिव्हिटी फुल ठेवली की मशीन कोंबडीसारखं कलकलत राहतं, आणि वाटतं की एवढं वाजतंय म्हणजे मशीन जोरात काम करतंय. होतं उलटं, मशीन वस्तूचा सिग्नल वाढवतं तसा जमिनीचाही वाढवतं, आणि जमीन जवळ असते, वस्तू लांब. त्यामुळे मी आता सेन्सिटिव्हिटी एकेक पायरी खाली आणतो, जिथे कलकल थांबून शांत होतं तिथून एक पायरी वर आणि तिथेच राहतो. एका पडीक जागेवर असं करत करत साधारण निम्म्यावर आलो होतो आणि त्याच दिवशी आधी पिंजून काढलेल्या पट्ट्यात शिशाच्या गोळ्या वाजायला लागल्या.

याच मातीतली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. मिनरल जास्त असलं की खोलवरच्या वस्तूचा आयडी नंबर (धातू कोणता असावा याचा स्क्रीनवरचा आकडा) लोखंडाकडे घसरतो. म्हणजे तीच पितळी गुंडी वरच्या थरात असेल तर नीट मधला नंबर दाखवेल आणि खाली वीस सेंटिमीटरवर असेल तर नंबर उड्या मारेल, कधी चक्क लोखंड म्हणून येईल. अशा वेळी डिस्क्रिमिनेशन लावलेलं असलं की ती वस्तू तुमच्यासाठी नाहीच. म्हणून मी डिस्क्रिमिनेशन शून्यावर नाहीतर शून्याच्या जवळ ठेवतो आणि दोन टोनवर ऐकतो, लोखंड खालच्या सुरात, बाकी सगळं वरच्या. स्क्रीनकडे बघणं जवळजवळ सोडलंय. हॉट रॉक नावाचा एक त्रास असतो, दगडातच आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळं मिनरल असतं आणि तो वाजतो, कॉइल चार बोटं वर उचलली की त्यातले बरेचसे एकदम मरतात, तेवढ्या उचलण्याने धातू असा सहसा मरत नाही.

कॉइलसुद्धा इथे डीडीच. कॉन्सेंट्रिक (एकात एक गोल वेटोळी असलेली) हलक्या मातीत छान, पिनपॉइंट अचूक करते, म्हणजे वस्तूची नेमकी जागा दाखवते, पण मिनरलमध्ये मला ती जड गेली.

पडलेल्या जुन्या घरांच्या जागा म्हणजे वेगळाच खेळ, तिथे माती चांगली असते पण खिळे असतात. हजारो. छप्पर कुजतं, लाकूड जातं, खिळे तिथेच राहतात. मोठी कॉइल घेऊन गेलात तर एका वेळी कॉइलखाली सात-आठ खिळे असतात आणि त्यात एखादं बटण, मशीन बिचारं करणार काय. इथे ६ इंची कॉइल लावतो, खोली जाते, जाऊ दे. रिकव्हरी स्पीड वाढवतो, म्हणजे एक सिग्नल संपवून मशीन दुसऱ्यासाठी लवकर तयार होतं, नाहीतर खिळ्याच्या सिग्नलमध्येच बटणावरून कॉइल निघून गेलेली असते. याचीही किंमत खोलीतच मोजावी लागते. कॉइल अगदी हळू फिरवायची. आणि लोखंडाचा आवाज बंद करायचा नाही, फक्त आयर्न व्हॉल्यूम कमी. का, तर डिस्क्रिमिनेशनने लोखंड गप्प केलं तरी ते जमिनीत आहेच, सिग्नल खातंय, फक्त तुम्हाला कळत नाही. आवाज चालू असला की दोन खालच्या सुरांच्या मध्ये एक तुटका वरचा सूर आला तरी कान टवकारतात.

लोखंड दिसत नसताना कसं घोटाळा करतं याची जुनी गोष्ट आहे. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांना गोळी लागली आणि ती शरीरात कुठे आहे हे शोधायला टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः बनवलेलं इंडक्शन बॅलन्स घेऊन गेले. गोळी सापडली नाही, आणि त्यात एक अडचण अशी होती की पलंगाच्या गादीत पोलादी तारा होत्या. खिळ्यांच्या जागेवर वैतागलो की मला बेल आठवतात, त्यांचं तर एकच टार्गेट होतं.

खोटे सिग्नल कसे ओळखायचे? वाकलेला खिळा, पत्र्याचा तुकडा, लोखंडी वॉशर, हे वरचा सूर देतात, अगदी नाण्यासारखा. मी सिग्नलभोवती पाव गोल फिरून दुसऱ्या बाजूने कॉइल नेतो. चांगली वस्तू दोन्हीकडून वाजते, खिळा एका बाजूने गोड बोलतो आणि दुसऱ्या बाजूने गुरगुरतो. पिनपॉइंट केल्यावर जागा टोन आला होता तिथून बाजूला सरकली तर लोखंडाची शक्यता वाढली. कॉइल बरीच उचलली तरी दणदणीत वाजतंय म्हणजे काहीतरी मोठं आहे, बहुतेक पत्रा. आयर्न बायस (शंकेचा सिग्नल लोखंड म्हणून धरायचं सेटिंग) वाढवून हे खोटे कमी करता येतात पण त्यात लोखंडाला चिकटून असलेल्या चांगल्या वस्तूही जातात, म्हणून मी तो कमीच ठेवतो आणि थोडे जास्त खिळे उकरतो. वॉशर मात्र अजूनही फसवतात, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, उकरायचं.

नांगरलेलं शेत सोपं. लोखंड कमी, जागा मोठी, ११ इंची कॉइल, रिकव्हरी स्पीड कमी, सेन्सिटिव्हिटी झेपेल तेवढी वर. त्रास एकच, सरींमुळे कॉइल जमिनीपासून कधी जवळ कधी लांब जाते आणि ग्राउंडचा आवाज येत राहतो, म्हणून सरीला आडवी न फिरवता सरीच्या लांबीने फिरवा. ढेकळांची भुसभुशीत जमीन मला आवडत नाही, पाऊस पडून दबली की मग जातो. खत नुकतं पडलेलं असलं तर मशीन विनाकारण बडबडतं, क्षारांमुळे, तेव्हा परत बॅलन्स करायचा. तसाही मी दिवसात मध्ये मध्ये करतोच, सकाळची दवाची जमीन आणि दुपारची वाळलेली जमीन यांचा आकडा सारखा येत नाही.

पावसाचं आणखी एक. ओल खोलवर मुरल्यावर त्याच जमिनीत मला जुने सिग्नल जास्त स्वच्छ मिळतात, विशेषतः लोखंडी वस्तूंचे, त्यांच्या गंजाचा प्रभाव आजूबाजूच्या मातीत पसरलेला असतो. म्हणून घरच्या अंगणात आज नाणं पुरून आज टेस्ट केली आणि मशीनला नावं ठेवली, असं करू नका, खणलेली मोकळी माती आणि ताजी पुरलेली वस्तू हे शेतातल्या शंभर वर्षं दबलेल्या वस्तूसारखं वागत नाही.

फ्रिक्वेन्सीचं थोडक्यात : बारीक, कमी कंडक्टिव्ह वस्तू, पातळ बटणं, शिशाचे कण, यांना २०, पण ती मिनरलला जास्त लागते. मोठी तांब्या-चांदीची वस्तू आणि खोली हवी तर ५. अंदाज नसेल तर १४ वर सुरुवात. जागा महत्त्वाची वाटली तर मी तोच पट्टा दोन फ्रिक्वेन्सींवर, दोन दिशांनी करतो. पल्स इंडक्शन (सलग लहरींऐवजी करंटचे छोटे झटके सोडणारं) मशीनही वापरून बघितलंय, मिनरलचं त्याला काही वाटत नाही, खोल जातं, पण लोखंड वेगळं सांगायची बोंब, घराच्या जागेवर नेलंत तर संध्याकाळी पिशवीत खिळेच खिळे.

एक सेटिंगबाहेरची गोष्ट. जुन्या युद्धाच्या जागांवर फिरत असाल आणि तोफगोळा, ग्रेनेड असं काही दिसलं तर हात लावू नका, पिनपॉइंटरसुद्धा (नेमकी जागा शोधायचा हातातला छोटा डिटेक्टर) टेकवू नका, खूण करून लांब व्हा आणि पोलिसांना कळवा. कितीही गंजलेलं असो.

मला न जमलेली जागा म्हणजे समुद्राची ओली वाळू. खारं पाणी स्वतःच करंट वाहून नेतं, त्यामुळे मशीनला अख्खी जमीन एक मोठं टार्गेट वाटतं. ५ किलोहर्ट्झवर, बॅलन्स तळाला नेऊन, सेन्सिटिव्हिटी पाडून कसंबसं चालतं, पण लाट आली की आकडा बदलतो आणि परत सगळं पहिल्यापासून. एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी वापरणारी मशीन तिथे बरीच सरस आहेत, ते एकदा कोणाचं तरी घेऊन चालवून बघायचंय. तोपर्यंत मी भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूतच.