सहा पायऱ्या आणि तेराशे वर्षं

10 जुलै 2025. फिफाची नवी क्रमवारी आली आणि भारत 127वरून 133वर गेला, 2016नंतरची सर्वांत खालची जागा. त्याच पाळीत रविवार पुरवणीचं पानही तपासायला माझ्याकडेच होतं: इटलीतलं एट्रुस्कन, म्हणजे रोमनांच्या आधीच्या तिथल्या लोकांचं, थडगं. दोन्ही कॉप्यांत, म्हणजे छापायला आलेल्या मजकुरांत, आकड्यांनीच घात केला होता.

क्रीडापानाचा मथळा होता, ‘भारताची सहा गुणांनी घसरण’. घसरले ते सहा क्रम. गुणांचा हिशेब वेगळाच. 2018पासूनची रीत अशी: निकालातून अपेक्षित निकाल वजा करायचा, त्याला सामन्याच्या वजनाने, म्हणजे महत्त्वानुसार ठरलेल्या आकड्याने, गुणायचं आणि येईल ते आधीच्या गुणांत मिळवायचं. विजयाला 1, बरोबरीला अर्धा, पराभवाला शून्य.

समजा आपण समोरच्यापेक्षा 60 गुणांनी वर आहोत. सूत्रात 600 हा आकडा ठरलेला; 60 भागिले 600 म्हणजे 0.1. त्याला ऋण चिन्ह लावून 10चा घात काढला की 0.79, त्यात 1 मिळवून 1ला त्याने भागलं की 0.56. ही आपली अपेक्षा. ऋण चिन्ह विसरलं तर 0.44 येतं, आणि ती समोरच्या संघाची अपेक्षा असते. कॅल्क्युलेटरवर हमखास होणारी चूक हीच. दोन्ही संघांची बेरीज 1 येते हे ठाऊक असलं, तरी उलटसुलट झाल्याचं त्यावरून कळत नाही. वरच्या संघाचा आकडा अर्ध्याहून जास्त आहे ना, एवढं बघावं.

आता आशियाई चषक पात्रतेचं वजन 25. असा सामना हरलो की 25 गुणिले 0.56, म्हणजे 14 गुण गेले. उलट 60 गुणांनी वरच्या संघाकडून फिफाने ठरवलेल्या तारखांतला मैत्रीपूर्ण सामना हरलो, तर वजन 10 आणि अपेक्षा 0.44, नुकसान जेमतेम साडेचार. गोलफरक मोजत नाहीत, मैदान घरचं की परकं हेही नाही. म्हणून जूनमध्ये मैत्रीपूर्ण सामन्यात थायलंडकडून खाल्लेल्या 0-2पेक्षा हाँगकाँगमध्ये पात्रता सामन्यात भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर गेलेला 0-1 जास्त महागात पडला. कॉपीत मात्र थायलंडचा पराभव ठळक होता.

पुरवणीचं पान अधिक चिवट निघालं. रोमच्या वायव्येला सुमारे 70 किलोमीटरवर, बार्बारानो रोमानोजवळच्या सान जुलिआनोत अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठाच्या पथकाला हे थडगं मिळालं. दगडात कोरलेल्या पलंगांवर चार जण आणि भोवती शंभराहून जास्त वस्तू: मातीची भांडी, लोखंडी हत्यारं, ब्राँझचे दागिने. आसपासची थडगी पूर्वीच लुटली गेलेली, म्हणून याचं मोल. कॉपीत ‘सीलबंद थडगं’ होतं. वाचताना पालिकेने लाख लावून टाळं ठोकल्यासारखं वाटतं. ‘तोंड न उघडलेलं’ केलं. ‘केसांची चांदीची रिळं’ वाचून शिवणयंत्र आठवलं. तिथे ‘केसांत घालायची चांदीची वेटोळी’ आली.

काळ दिला होता ‘सातवं शतक’. इ.स.पू. सातवं शतक म्हणजे 700 ते 601. वय काढताना 2025 मिळवून एक वजा करायचा, कारण शून्य साल नसतं; उत्तर 2,724 ते 2,625 वर्षं. ‘इ.स.पू.’ गळलं की थडगं तेराशे वर्षांनी तरुण होतं आणि तोवर एट्रुस्कन लोक रोममध्ये कधीच विरघळलेले असतात.

मथळा चार कॉलमांत बसेना, तेव्हा पान लावणाऱ्याने सर्वांत आधी ‘इ.स.पू.’च उडवलं. ते परत घातलं, ‘दुर्मीळ’ काढलं आणि पान सोडलं.