दिवे लागले, पण पॅकेट पोहोचेना

लिनक्सच्या नव्या कर्नलवर (गाभ्यावर) गेल्यानंतर आमच्या छोट्या संगणक-बोर्डाचे इथरनेट बंद पडले, तेव्हा पहिला दिवस मी केबल आणि स्विच बदलून पाहण्यात घालवला. जॅकवरचे दोन्ही दिवे लागत होते, इथटूल हे नेटवर्क तपासण्याचे साधन 1000 एमबीपीएस आणि फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना) दाखवत होते, पण आपोआप पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता मिळत नव्हता आणि पत्ता हाताने दिला तरी पिंगला उत्तर येत नव्हते.

लिंक जुळली म्हणजे सगळा मार्ग मोकळा आहे, असे मी धरून चाललो होतो. लिंक जुळते ती फाय चिप (केबलवरचे विद्युत संकेत सांभाळणारी) आणि पलीकडचा स्विच यांच्यात; प्रोसेसरला तिची खबर एमडीआयओ या दोन तारांच्या वेगळ्या बसवरून मिळते. प्रत्यक्ष डेटा ज्या आरजीएमआयआय तारांवरून प्रोसेसर आणि फाय यांच्यात ये-जा करतो, त्यांच्याविषयी ते दिवे काहीच सांगत नाहीत. दुसऱ्या दिवशी इथटूलचे काउंटर पाहिले, तर सीआरसी एररचा, म्हणजे वाटेत बिघडलेल्या पॅकेटांचा, आकडा सारखा वाढत होता. वेग मुद्दाम 100 एमबीपीएसवर आणला आणि पिंग लगेच सुरू झाले.

गिगाबिटला आरजीएमआयआयचे क्लॉक 125 मेगाहर्ट्झचे असते आणि डेटा त्याच्या दोन्ही कडांवर, म्हणजे दर 4 नॅनोसेकंदांनी बदलतो. तो नीट वाचला जावा म्हणून क्लॉकला सुमारे 2 नॅनोसेकंदांचा विलंब द्यावा लागतो. हा विलंब बोर्डावरच्या तारेची लांबी वाढवून, फायमधून किंवा प्रोसेसरमधून देता येतो, पण एकाच ठिकाणाहून. (तारेने द्यायचा तर ती सुमारे 30 सेंटीमीटर जास्त फिरवावी लागते, तळहाताएवढ्या बोर्डावर ते कोण करणार?) आमचा बूटलोडर (कर्नलच्या आधी चालणारा प्रोग्रॅम) हा विलंब प्रोसेसरमध्ये लावत होता, आणि डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे कर्नलला बोर्डाची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये, मी दुसऱ्या बोर्डावरून 'आरजीएमआयआय-आयडी' (विलंब फायने द्यावा) ही ओळ जशीच्या तशी उचलली होती. जुन्या कर्नलमध्ये फायसाठी सर्वसाधारण ड्रायव्हर चालत होता आणि तो विलंबाला हात लावत नसल्यामुळे माझी चूक झाकली गेली होती. नव्या कर्नलमध्ये त्या चिपचा स्वतःचा ड्रायव्हर आला, त्याने ती ओळ प्रामाणिकपणे पाळली, आणि दोन अधिक दोन असा 4 नॅनोसेकंदांचा विलंब होऊन क्लॉकची कड नेमकी डेटा बदलण्याच्या क्षणी पडू लागली. 100 एमबीपीएसला क्लॉकचा एक फेरा 40 नॅनोसेकंदांचा असतो, म्हणून तिथे एवढा उशीर खपून जातो.

2020 साली लिनक्स 5.9 मध्ये याच्या उलट घडले होते. रियलटेकच्या आरटीएल 8211ई चिपच्या ड्रायव्हरमधील विलंबाची चूक दुरुस्त झाली आणि डिव्हाइस ट्रीमध्ये नुसते 'आरजीएमआयआय' (फायने विलंब देऊ नये) लिहिलेल्या, ऑलविनर प्रोसेसरच्या अनेक बोर्डांचे नेटवर्क गेले.

मी आधी आमच्या ओळीतील 'आयडी' काढून पाहिले आणि गिगाबिट सुरू झाले. तरीही शेवटी ते परत लिहून बूटलोडरमधील विलंब काढला, कारण तो फायने द्यावा हीच कर्नलची पसंती आहे. त्यानंतर नेटवर्कवर ताण देणारा आयपर्फ हा प्रोग्रॅम रात्रभर चालवला. सकाळी सीआरसीचा आकडा शून्यावर होता.