ले मान्सची चोवीस तासांची रेस: दोन गाड्या, तीन तंबू आणि एक ग्रुप

फ्रान्समधल्या ले मान्सला चोवीस तासांची मोटार रेस बघायला जायचं ठरलं की ग्रुपमध्ये पहिला वाद तिकिटांवरून होतो. ग्रँडस्टँडची खुर्ची घ्यायची की नाही? माझं मत पक्कं आहे: हातात जास्तीचे पैसे असतील तर ते तंबूच्या जागेवर घालवा. ट्रॅक १३.६२६ किलोमीटरचा आहे आणि रेस शनिवारी दुपारी चारला सुरू होऊन रविवारी दुपारी चारला संपते. खुर्चीवरून त्यातला एक तुकडा दिसतो आणि चोवीस तास खुर्चीत कोणी बसत नाही. गेटपासून चालत जाता येईल अशी जागा मिळाली तर तुम्ही रेस बघता, येऊन जेवता, झोपता, परत जाता. साध्या प्रवेश तिकिटावरही ट्रॅकच्या कडेने मातीचे उंचवटे आहेत, तिथून उत्तम दिसतं.

आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंग आणि स्लाउ भागात राहणारी मराठी मंडळी. दोन गाड्या, तीन तंबू, आणि सोबत एका मित्राचे वडील, म्हणजे आमचे काका, जे कोल्हापूरहून मुलाकडे आले होते. २०२५च्या जूनमध्ये जाऊन आलो. २०२६ची रेस १३ आणि १४ जूनची. जाणाऱ्यांनी खालचं सगळं वाचून मगच ग्रुपवर 'मी येतो' असं लिहावं.

तिकीट आणि जागा

तिकिटांची विक्री आदल्या वर्षीच सुरू होते आणि हल्ली ती भराभर संपतात. प्रवेशाचं तिकीट आणि कॅम्पिंगची जागा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जागा न मिळता नुसती प्रवेशिका मिळाली तर रात्री कुठे राहणार, हा प्रश्न उरतोच. म्हणून आधी जागा बघा. मेझों ब्लांश हा कॅम्प ट्रॅकच्या अगदी जवळ आहे, आवाजाची हौस असेल तर तिथे जा. हू नावाचा कॅम्प मुख्य प्रवेशद्वाराच्या बाजूला पडतो, लहान मुलं किंवा वडीलधारी माणसं असतील तर तेच बरं. बोसेझूरचा कॅम्प लांब पडतो.

गाडी जागेतच उभी करायची असते. तंबूचं माप, गाडीचं माप आणि बसायला लागणारी मोकळी जागा कागदावर आखून बघा. मोठा फॅमिली तंबू आणि एसयूव्ही एका जागेत मावत नाहीत. आम्ही शेजारशेजारच्या दोन जागा घेतल्या, मध्ये ताडपत्री बांधली आणि तिच्याखाली स्वयंपाकघर केलं.

व्हिसा

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांचं खरं प्लॅनिंग इथे आहे. ब्रिटनमध्ये नोकरी करत असलात तरी फ्रान्सला शेंगेन व्हिसा लागतोच. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळणं कठीण होतं. त्यामुळे तिकीट हातात आलं की लगेच तारीख धरा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालावा, आणि तीस हजार युरोंचं वैद्यकीय संरक्षण देणारा प्रवास विमा हवा. ब्रिटनमधल्या वास्तव्याचा पुरावा म्हणून ई-व्हिसाचा शेअर कोड काढा, त्याची छापील प्रतही जोडा.

राहण्याचा पुरावा मागतात तेव्हा ग्रुपची अडचण होते, कारण कॅम्पच्या जागेचं बुकिंग एकाच्याच नावावर असतं. आम्ही ज्याच्या नावावर बुकिंग होतं त्याच्याकडून प्रत्येकासाठी सहीचं पत्र घेतलं, बुकिंगची प्रत जोडली, फेरीचं तिकीट जोडलं. सगळ्यांचे व्हिसे झाले.

आई-वडील भारतातून ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसावर येणार असतील तर त्यांचा शेंगेन व्हिसा भारतातूनच काढून ठेवा. इथे पाहुणे म्हणून आलेल्यांचे अर्ज सहसा घेत नाहीत, अर्ज राहत्या देशातून करायचा असतो. काकांचा व्हिसा त्यांच्या मुलाने मुंबईतून आधीच करून घेतला होता, म्हणूनच ते येऊ शकले. ऑक्टोबर २०२५पासून युरोपच्या सीमेवर ईईएस ही येणाऱ्या-जाणाऱ्यांची नवी संगणकीय नोंदणी सुरू झाली आहे. पहिल्यांदा जाताना तिथे जास्त वेळ लागणार हे धरून चला.

गाडीची कागदपत्रं

गाडीचं मूळ लॉगबुक, म्हणजे नोंदणीचा कागद, सोबत हवं. गाडी लीजवर असेल तर लॉगबुक कंपनीकडे असतं. अशा वेळी व्हीई १०३ नावाचं प्रमाणपत्र लागतं, ते काही आठवडे आधी मागवा. विम्यात फ्रान्स किती दिवसांसाठी आणि कुठल्या चालकांसाठी धरलं आहे ते लेखी विचारा. मागे 'यूके'चा स्टिकर, हेडलाइटवर लावायच्या पट्ट्या, धोक्याचा त्रिकोण आणि चमकणारं जाकीट एवढं गाडीत हवंच. जाकीट डिकीत ठेवू नका, सीटवरून हात पोचेल असं ठेवा. फ्रान्समध्ये तसा नियम आहे.

रस्ता

डोव्हरवरून कॅले गाठलं तर समुद्र दीड तासात पार होतो, पण पुढे चारशे किलोमीटर गाडी चालवावी लागते. आम्ही पोर्ट्समथहून रात्रीची बोट घेतली. ती सकाळी कां शहराजवळच्या विस्त्रामला पोचवते. तिथून फालेझ, सेझ, आलांसों असं करत ले मान्स साधारण दोन तासांवर आहे. केबिन घ्याच. खुर्चीत रात्र काढून उजव्या बाजूने गाडी चालवायला घेणं मला पटत नाही, आणि चालकाची झोप हा ग्रुपने मिळून करायचा खर्च आहे.

टोलच्या खिडक्या डाव्या हाताला येतात आणि आपला चालक बसतो उजवीकडे. त्यामुळे डाव्या सीटवर जागं राहणारं, कार्ड हातात धरून बसणारं माणूस बसवा. कॅलेहून येताना ए१३ मोटरवे घेतलात तर तिथे आता टोलनाकेच नाहीत. कॅमेरा नंबर टिपतो आणि ७२ तासांच्या आत ऑनलाइन पैसे भरायचे असतात. कोण भरणार ते आधी ठरवून ठेवा. मोटरवेवर वेगमर्यादा १३०, पाऊस असेल तर ११०. डिझेलच्या पंपावर 'गाझोल' लिहिलेलं असतं. इंधन मोटरवेवर भरण्यापेक्षा सुपरमार्केटच्या पंपावर भरा, बरंच स्वस्त पडतं.

काय न्यायचं, काय नाही

ब्रिटनमधून युरोपात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. यात तूप, पनीर, श्रीखंड, दही, चिकनचा डबा सगळं आलं. ताज्या भाज्या-फळांनाही प्रमाणपत्र लागतं, म्हणजे कांदे, बटाटे आणि कढीपत्ता घरीच राहू द्या. केळी, नारळ आणि अननस चालतात. आम्ही पोहे, रवा, तांदूळ, मूगडाळ, गोडा मसाला, भाजलेले दाणे, शेंगदाण्याची चटणी, तेल आणि चहा नेला. कांदे, लिंबं, कोथिंबीर, दूध आणि लोणी फ्रान्समध्ये पहिल्याच सुपरमार्केटमधून घेतलं. फ्रेंच लोणी विरघळवून त्यात रवा भाजला तर शिरा उत्तम होतो. ही खरेदी शुक्रवारपर्यंत उरका. रविवारी बरीच दुकानं दुपारनंतर बंद असतात, आणि शनिवारी गाडी जागेवरून हलवणं म्हणजे अर्धा दिवस घालवणं.

शेगडी फ्रान्समध्ये सहज मिळणाऱ्या गॅसच्या डब्यांवर चालणारी घ्या आणि डबे तिथेच विकत घ्या. पाण्याचे नळ कॅम्पमध्ये आहेत, पण दहा लिटरचा घडीचा कॅन असेल तर फेऱ्या वाचतात. आंघोळीला सकाळी आठ वाजता रांग मोठी असते, दुपारी तीन वाजता जवळपास नसतेच. दिवसा ऊन भाजतं आणि पहाटे अंगात स्वेटर लागतो, तेव्हा चांगली स्लीपिंग बॅग आणि खाली जाड मॅट हवीच. काकांसाठी आम्ही घडीची कॉट नेली. साठीच्या पुढच्या माणसाला जमिनीवर झोपवू नका.

कानात घालायचे फोमचे बोळे प्रत्येकी चार जोड्या. मुलांना कानावरचे मफ. आणि एक छोटा एफएम रेडिओ: ९१.२वर रेडिओ ले मान्सचं इंग्रजी समालोचन चोवीस तास चालतं. रेसच्या वेळी मोबाइलचं नेटवर्क कोलमडतं, पण रेडिओ चालू राहतो.

रेसच्या आधी

शुक्रवारी ट्रॅकवर गाड्या धावत नाहीत. त्या दिवशी पिट लेन, म्हणजे रेसमध्ये गाड्या टायर-इंधनासाठी थांबतात ती गल्ली, लोकांसाठी उघडतात आणि संध्याकाळी गावात ड्रायव्हरांची मिरवणूक निघते. कॅम्पजवळून टी१ ट्राम थेट गावात जाते, गाडी काढू नका. पिट लेनमध्ये आम्ही ॲस्टन मार्टिनच्या वाल्किरी या गाडीसमोर बराच वेळ उभे होतो. इंजिन साडेसहा लिटरचं, व्ही१२, ही तिची इथली पहिलीच रेस. काकांची हयात इंजिनं उघडण्यात गेलेली. मेकॅनिक चाकाची नटगन हातात घेऊन तिची नळी पुसत होता, काका त्याच्या हाताकडे बघत राहिले. म्हणाले, "हत्यार जपतोय बघ पोरगं."

ट्रॅकचा मोठा भाग म्हणजे रोजच्या वापराचे रस्ते. म्युल्सानकडे जाणारा लांबलचक सरळ रस्ता एरवी सगळ्यांसाठी खुला असतो. तिथून आपली गाडी शिस्तीत, वेगमर्यादा पाळून न्या. १९८८मध्ये याच रस्त्यावर एका गाडीने ताशी ४०५ किलोमीटरचा वेग गाठला होता, १९९०मध्ये वेग आवरण्यासाठी त्यावर दोन शिकेन, म्हणजे गाडी हळू करायला लावणारी नागमोडी वळणं, टाकल्या.

रात्र

शनिवारी रॉजर फेडररने झेंडा दाखवला आणि ६२ गाड्या सुटल्या. पहिले दोन तास मुख्य भागात बघा, मग परत येऊन जेवा आणि झोपा. खरंच झोपा. जूनमध्ये तिथे दहाच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि खरी मजा त्यानंतर आहे.

मध्यरात्रीनंतर शटल बसने आर्नाजच्या वळणाला जा. एकच जागा निवडायची असेल तर मी तीच निवडेन. इंडियानापोलिस नावाच्या वळणातून गाड्या येतात आणि ट्रॅकवरच्या सगळ्यांत हळू वळणासाठी ब्रेक दाबतात. अंधारात चाकांच्या आतल्या ब्रेकच्या डिस्क लालबुंद होतात, गाडी वळली की तो लाल रंग काळवंडत जातो. रबराचा आणि तापलेल्या ब्रेकचा वास नाकात बसतो. कॅडिलॅकचा व्ही८ घशातून गुरगुरतो, वाल्किरी किंचाळते, आणि तासाभरात डोळे मिटूनही कुठली गाडी आली ते सांगता येतं. काकांनी तर पैजा लावायला सुरुवात केली. "काका, चला आता, शेवटची बस जाईल," असं म्हटलं की, "थांब रे, ती बारा नंबरची एकदा येऊन जाऊ दे."

आर्नाजला जाताना टॉर्च, जाकीट आणि परतीच्या बसची वेळ कागदावर लिहून न्या. ग्रुप पांगतो, फोन लागत नाही. आम्ही कॅम्पवर ताडपत्रीच्या बांबूला केशरी दिवा टांगला होता, तो लांबून दिसायचा. चुकलेल्याने तिथे यायचं, एवढं ठरलेलं होतं.

पहाटे सहाच्या सुमाराला कांदेपोहे. मोठ्या पातेल्यात करा, कारण शेजारी येतात. आमच्या एका बाजूला डेन्मार्कचा ग्रुप होता, वर्षानुवर्षं येणारा. त्यांनी आम्हाला कॉफी दिली आणि तंबूच्या दोऱ्या वाऱ्याच्या दिशेने कशा ताणायच्या ते दाखवलं.

शेवट आणि परतीचा रस्ता

शेवटचा तास मुख्य भागातच काढा. ८३ नंबरची पिवळी फेरारी पुढे होती आणि शेवटी पोर्शची सहा नंबर अवघ्या चौदा सेकंदांनी मागे राहिली. त्या फेरारीत रॉबर्ट कुबिका आणि ये यिफेई होते, सोबत फिल हॅन्सन. २०२१मध्ये कुबिका आणि ये एलएमपी२ या दुसऱ्या श्रेणीच्या गटात पुढे असताना त्यांची गाडी शेवटच्या फेरीत बंद पडली होती, आणि स्टिअरिंगवर ये होता. कुबिकाचा उजवा हात २०११च्या रॅलीच्या अपघातानंतर पूर्ण बरा झालेला नाही. त्याच कुबिकाने शेवटचा लांब टप्पा एकट्याने चालवून गाडी घरी आणली. ज्यांना हे माहीत होतं ते स्टँडमध्ये रडत होते, त्यांत आमच्यातलेही होते. जायच्या आधी गेल्या काही वर्षांच्या रेसबद्दल ग्रुपने एकत्र बसून वाचा, एक संध्याकाळ पुरते. २०१२मध्ये करुण चांढोक इथे रेस पूर्ण करणारा पहिला भारतीय ठरला, तेही मुलांना सांगा.

रविवारी संध्याकाळी निघू नका. सव्वातीन लाखांहून जास्त माणसं एकाच वेळी बाहेर पडतात आणि तुमचा चालक दोन दिवस नीट झोपलेला नसतो. रविवारची रात्र तंबूत काढा, सोमवारी नाश्ता करून निघा, बोट दुपारनंतरची घ्या. आदल्या रात्री बिअर घेणाऱ्यांनी सकाळी चालवू नये. फ्रान्समध्ये मर्यादा इंग्लंडपेक्षा कमी आहे आणि त्या सोमवारी रस्त्यावर पोलीस असतात. चालकांची पाळी निघायच्या आधीच लिहून ठेवा, तिथे गेल्यावर चर्चा नको.

भारतातून थेट येणाऱ्यांनी पॅरिसला उतरून माँपार्नास स्टेशनवरून टीजीव्ही ही वेगवान रेल्वे घ्यावी, तासाभरात ले मान्स येतं आणि स्टेशनवरून ट्राम ट्रॅकपर्यंत जाते. तंबू-बिछाना विमानातून आणण्यापेक्षा इंग्लंडमधल्या एखाद्या ग्रुपशी आधीच बोलून ठेवा. आमच्यासारखे गाडीने जाणारे बरेच असतात, आणि डिकीत एका जास्तीच्या तंबूला जागा काढता येते.