पुण्यातला छोटा कॉमिक मेळा आणि उरलेल्या ४३ प्रती

मेळ्याच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी रात्री साडेअकरा वाजता, कोथरूडला मावशीच्या जेवणाच्या टेबलावर बसून मी ‘नाही’ हा शब्द चाळीस वेळा लिहिला. शिक्षा नव्हती, चूक निस्तरत होते. माझ्या कॉमिकच्या शेवटून दुसऱ्या पानावर एक मुलगी दगडी नंदीला सांगते, “मी तुला घाबरत नाही!” छापून आलेल्या मराठी प्रतींत ती सांगत होती, “मी तुला घाबरत”. पुढचा शब्द कटिंगमध्ये गेला होता. संवादाचा फुगा मी पानाच्या अगदी कडेला टेकवला होता, त्यामुळे छापणाऱ्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. बारीक काळं पेन घेऊन फुग्याच्या उरलेल्या जागेत प्रत्येक प्रतीत ‘नाही’ कोंबलं. विसाव्या प्रतीनंतर अक्षर सुधारलं.

तेव्हा पहिल्यांदाच छापणार असाल तर: चित्र पानाच्या कडेबाहेर ३ मिलिमीटर वाढवा, आणि अक्षर मात्र कडेपासून निदान १० मिलिमीटर आत ठेवा. ५ पुरतात असं म्हणतात, पण मला आता पुरत नाहीत. मधोमध पिना मारायच्या असतील तर पानांची संख्या चारच्या पटीत लागते. माझी ३४ झाली होती, दोन पानं उडवून ३२ वर आणली आणि खरं सांगायचं तर गोष्ट सुधारली. मराठी अक्षरांचं दुखणं वेगळंच. आपल्या मात्रा वर जातात, उकार खाली येतात, त्यामुळे इंग्रजीच्या मापाने काढलेला फुगा मराठीला तोकडाच पडतो. इलस्ट्रेटर किंवा फोटोशॉपमध्ये परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर निवडला नाही तर जोडाक्षरं फुटतात, वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते. आणि फाइल देण्याआधी अक्षरांची आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचं चित्रात रूपांतर करून) पीडीएफ द्या, म्हणजे दुकानातल्या संगणकावर तुमचा फाँट नसला तरी काही बिघडत नाही.

कोल्हापूरहून मी शुक्रवारी सकाळच्या एसटीने निघाले. बायकांना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, ते अशा धंद्यात फार मोलाचं. ए-५ आकाराच्या, जाड कव्हरच्या ३२ पानी शंभर प्रती साधारण सात किलो भरतात. खोक्यात घालू नका, पाठीवरच्या सॅकमध्ये घाला. खोकं बसच्या डिकीत जातं आणि कोपरे दबतात. सॅक मांडीवर राहते.

स्वारगेटला उतरून मी आधी रविवार पेठेत बोहरी आळीत गेले. पारदर्शक पिशव्या, क्लिपा, प्लॅस्टिकचे छोटे स्टँड, सगळं तिथे एका फेरीत मिळतं. किमतीच्या पाट्यांसाठी कार्डपेपर आणि मार्कर अप्पा बळवंत चौकात. घरून निघताना हे सगळं लादून आणायची गरज नाही, पण दुपारचे दोन तास हाताशी ठेवा.

मेळा कर्वे रस्त्याजवळच्या एका शाळेच्या हॉलमध्ये, शनिवार-रविवार. साधारण तीसेक टेबलं. मोठ्या शहरांतल्या कॉमिक कॉनसारखा गोंगाट नाही, वेशभूषा करून आलेली पोरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. दोन दिवसांचं टेबलभाडं १८०० रुपये, नाशिकच्या मैत्रिणीबरोबर निम्मं-निम्मं. सहा फुटी टेबलाचं निम्मं म्हणजे तीन फूट. तीन फुटांत सगळा माल आडवा मांडला तर समोरून चालणाऱ्याला फक्त कागदांचा पसारा दिसतो, हे आम्हाला शनिवारी बारा वाजता कळलं. मग मैत्रिणीने तिची रिकामी बॅग टेबलावर उभी केली, त्यावर मावशीची खणाची ओढणी टाकली आणि दोन प्रती डोळ्यांच्या उंचीला उभ्या केल्या. तेवढ्याने माणसं थांबायला लागली. चादर घरूनच न्या, पुढून जमिनीपर्यंत पोचेल एवढी, कारण टेबलाखाली तुमचे डबे, चपला आणि सॅक असणार आहे.

पहिल्या दोन तासांत एक प्रत गेली, तीही शेजारच्या स्टॉलवाल्याने घेतली. दोष माझ्या तोंडाचा होता. कोणी थांबलं की मी म्हणायचे, “ही कोल्हापूरच्या लोककथेवर आधारित चित्रकथा आहे.” लोक “वा, छान” म्हणायचे आणि पुढे जायचे. ‘छान’ हा शब्द ऐकला की समजा, गिऱ्हाईक गेलं. दुपारी एका शाळकरी मुलीने विचारलं, “पण यात होतं काय?” तेव्हा मी जे बोलले तेच पुढे दोन दिवस बोलत राहिले: “रंकाळ्यावरचा नंदी रोज गव्हाएवढा पुढे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, असं आमच्याकडे सांगतात. एका रात्री तो मागे यायचं विसरतो.” एवढंच, आणि मग गप्प बसायचं. समोरच्याच्या हातात प्रत द्यायची, पहिली चार पानं वाचू द्यायची. वाचताना त्याच्याकडे बघायचं नाही, स्वतः काहीतरी काढत बसायचं. रिकाम्या हाताने टक लावून बसलेल्या विक्रेत्यासमोर कोणाला वाचायला होतं?

मी ६० प्रती इंग्रजी आणि ४० मराठी छापल्या होत्या. पुणं आहे, कॉमिक वाचणारी पोरं इंग्रजी वाचतात, असा हिशेब. पोरं इंग्रजी वाचतात हे खरंच. पण अशा छोट्या मेळ्यात पैसे पोरं देत नाहीत. ती आई-बाबांबरोबर किंवा आजी-आजोबांबरोबर येतात, आणि मोठी माणसं पहिला प्रश्न विचारतात, “मराठीत आहे का?”

शनिवारी चारच्या सुमाराला एक आजोबा आले, हातात कापडी पिशवी, मागे सात-आठ वर्षांचा नातू.

“हे तू काढलंस?”

“हो आजोबा. चित्रं पण, गोष्ट पण.”

“नंदी वाघासारखा दिसतोय.”

“रात्र आहे ना आजोबा.”

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, प्रत नाकाशी धरली आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचली, बत्तीसच्या बत्तीस पानं. मला वाटलं, आता ठेवून जाणार. शेवटून दुसऱ्या पानावर अंगठा ठेवून म्हणाले, “हा ‘नाही’ हाताने लिहिलाय.” मी खरं ते सांगितलं. नातू लगेच म्हणाला, “सगळ्यांत लिहिलाय? मला दाखव.” त्याने पाच प्रती उघडून पाचही ‘नाही’ ताडून पाहिले आणि त्यातला सगळ्यात वेडावाकडा निवडला. आजोबांनी पाचशेची नोट काढली.

आणि माझ्याकडे सुटे नव्हते.

प्रतीची किंमत मी १२० ठेवली होती. छपाई प्रतीमागे ४२ रुपये, तेव्हा १२० ठीकच, पण रोखीत ही किंमत म्हणजे डोकेदुखी. दोनशेच्या नोटेला ऐंशी परत, पाचशेला तीनशे ऐंशी. किंमत १०० ठेवा किंवा १५०, मधलं काही नको. ज्येष्ठ मंडळी रोखच देतात, म्हणून दहा-वीसच्या नोटांचं पुडकं घरूनच न्या.

बाकीचे सगळे यूपीआयवाले. त्यांची अडचण अशी की आमचं टेबल हॉलच्या मागच्या जाड भिंतीला लागून होतं आणि तिथे नेटवर्क येऊन-जाऊन. एका तरुणाने दोन प्रतींचे २४० पाठवले, त्याच्या फोनवर गोल चक्र फिरत राहिलं, मागे रांग, मी म्हटलं जाऊ दे, येतील. आले नाहीत. त्याचा दोष नसेलही, त्याचे पैसे परत त्याच्याच खात्यात गेले असतील. त्यानंतर वही ठेवली: वेळ, रक्कम आणि समोरच्याच्या व्यवहार क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. टेबल ठरवताना खिडकीजवळचं किंवा दाराजवळचं मागा, आणि क्यूआर दोन वेगवेगळ्या बँकांचे ठेवा.

आमच्या उजव्या हाताला जुनी कॉमिक्स विकणारे एक काका होते. त्यांच्यासमोर गर्दी हटत नव्हती. मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे अंक, आतला वेताळ (म्हणजे फँटम) बघून पन्नाशीतली माणसं अक्षरशः लहान होत होती. इंद्रजाल मालिका १९६४ ला आधी इंग्रजीत सुरू झाली आणि १९९० ला थांबली, म्हणजे ताजा अंकसुद्धा आता निदान पस्तीस वर्षांचा. काकांचा निम्मा माल मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारातून आलेला, तो बुधवारी आणि रविवारी भरतो. चहा पिताना त्यांनी मला घ्यायचं कसं ते शिकवलं: आधी मधलं पान उघडायचं. पिन गंजली असेल तर मधली पानं सुटलेली असतात, आणि चार पानं गेलेला अंक वरून शाबूतच दिसतो. मग कोडी सोडवली आहेत का बघायचं. किंमत अंकावर कधीच लिहायची नाही, पिशवीवर लिहायची. “आमच्याकडे गठ्ठा होता, हिने रद्दीत घातला,” हे वाक्य काकांनी त्या दोन दिवसांत इतक्या वेळा ऐकलं की शेवटी ते स्वतःच गिऱ्हाइकाच्या आधी म्हणायला लागले.

काही सुटं सुटं: मुद्रित पुस्तकांवर जीएसटी नाही, पोस्टर-स्टिकरवर आहे. पण माल विकणाऱ्याची वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या राज्यात नोंदणी लागत नाही, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्यांना काळजी नाही. दुसऱ्याच्या प्रसिद्ध पात्रांची चित्रं छापून विकू नका. खपतात, हे मान्य. समोरच्या ओळीत धडाधड खपत होती. पण हक्क ज्याचे आहेत त्याने विचारलं तर उत्तर काय देणार? जेवण कोरडं न्या. मावशीने प्रेमाने थालीपीठं दिली, आणि मॅट लॅमिनेशनच्या कव्हरवर तेलाचा अंगठा उमटला की तो पुसता येत नाही. त्या दोन प्रती मी नमुना म्हणून टेबलावर ठेवल्या आणि शेवटी त्याही विकल्या गेल्या.

मराठी प्रती रविवारी दुपारी तीनला संपल्या. त्यानंतर मी सात-आठ जणांना ‘संपल्या’ सांगितलं. त्यातल्या दोघांनी इंग्रजी घेतली, बाकीचे गेले.

हिशेब सांगते, कारण मी जाण्याआधी शोधत होते तेव्हा कोणीच आकडे सांगत नव्हतं. मराठी ४० प्रतींचे ४८००, इंग्रजी १७ चे २०४० (यूपीआयचे पैसे न आलेल्या, बुडालेल्या दोन यात धरलेल्या नाहीत). पोस्टकार्डं ४३, प्रत्येकी ३०, म्हणजे १२९०. स्टिकर ६१, प्रत्येकी २०, म्हणजे १२२०. बसल्या जागी काढून दिलेली सहा चित्रं, २०० प्रमाणे १२००. एकूण १०,५५०. खर्च: भाडं ९००, कॉमिकची छपाई ४२००, कार्डं-स्टिकर १४५०, प्रवास ११००, खाणंपिणं ७६०, मिळून ८४१०. हातात राहिले २१४०. मुक्काम मावशीकडे होता. लॉज घेतला असता तर तोटाच. बुडालेल्या दोन वजा जाता सॅकमध्ये इंग्रजी ४१ उरायला हव्या होत्या, मोजल्या तर ४३ निघाल्या. म्हणजे छापणाऱ्याने दोन जास्त घातल्या होत्या.

मेळा सुटायच्या वेळी मोठी माणसं पुन्हा एकदा चक्कर मारतात, तेव्हा शेवटचा तास आवराआवर करू नका. माझी तीन चित्रं त्याच तासात गेली. परतताना ओझं निम्मं, म्हणून रिक्षाऐवजी मेट्रो. नळ स्टॉपला चढायचं, जिल्हा न्यायालयाला बदलायचं, स्वारगेटला एसटी स्टँडशेजारीच बाहेर पडायचं. जरा वळसा पडतो, पण रविवार संध्याकाळच्या कर्वे रस्त्यावर अडकून बसण्यापेक्षा बरं.

पुढच्या खेपेला ७० मराठी, ३० इंग्रजी. परवा छापायला सांगून आले आणि म्हटलं, आधी एक प्रत काढून, कापून दाखवा. छापणारा म्हणाला, “ताई, एक प्रत काढायला पण मशीन तेवढंच लावावं लागतं.”

“लावा,” म्हटलं. “मी बसते इथेच.”